ज्या वर्षी सभापती निवडला जाईना

अभिरूप संसद बसवायची म्हणजे सर्वांत आधी खुर्च्या मिळवायच्या. भाषणं, मुद्दे, पक्ष हे सगळं नंतर. जळगावातल्या आमच्या कॉलेजला स्वतःचं सभागृह आहे, पण त्यातल्या खुर्च्या कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाला गेलेल्या असतात आणि परत येतात तेव्हा एखादीचा हात गेलेला असतो, एखादीचा पाय. मग मी यादी घेऊन शिपायाच्या मागे लागते. खुर्च्या, माईक, घंटा, सभापतींच्या टेबलावरचं हिरवं कापड, पाण्याचा जार. वीसेक वर्षं राज्यशास्त्र शिकवते आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं विभागाची ही संसद माझ्याकडेच आहे. विद्यार्थी माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. ‘यादी मॅडम’ हे त्यातलं छापण्यासारखं.

बाहेरच्यांना यातलं काही माहीत नसतं म्हणून सांगते. अभिरूप संसदेत मुलं खासदार होतात, पक्ष करतात, प्रश्न विचारतात, विधेयकं मांडतात, एकमेकांवर ओरडतात आणि शेवटी पालकांसमोर तास-दीड तासाचा प्रयोग होतो. नाटकात आणि यात मोठा फरक म्हणजे आम्ही संवाद लिहून देत नाही. बाजू देतो, माहिती देतो, नियम देतो. बोलायचं काय ते ज्याचं त्याने. त्यामुळे गमती होतात. एका वर्षी सभात्याग करून बाहेर पडलेला अख्खा विरोधी पक्ष परत आलाच नाही. शोधलं, तर सगळे भरीत-पुरीच्या गाडीवर. एका वर्षी ऐन प्रश्नोत्तराच्या तासाला पंतप्रधानांचे वडील सभागृहाच्या दारात येऊन म्हणाले, "गोट्या, गुरांना पाणी कोण पाजणार?" पंतप्रधान जराही न डगमगता उत्तरले, "सभापती महोदय, ही माहिती पटलावर ठेवण्यात येईल." त्या मुलाला मी पूर्ण गुण दिले होते.

माझी एक पद्धत आहे. पक्ष चिठ्ठी काढून ठरतात. मुलांवर सोडलं तर ती गावानुसार बसतात, आडनावानुसार बसतात, नाहीतर हॉस्टेलच्या खोलीनुसार. चिठ्ठीने प्रत्येकाला भलतीच बाजू मिळते आणि ज्याचा राग येतो त्याचंच म्हणणं मांडावं लागतं. त्यातून माणूस शहाणा होतो असं मी दरवर्षी प्रास्ताविकात सांगते. अजूनही सांगते, फक्त आता ते वाक्य म्हणताना मी समोर कोण बसलंय ते बघून घेते.

त्या वर्षी विषय मीच निवडला. दरवर्षी लोकसभा करून मुलं कंटाळली होती, टीव्हीवर बघून तेच ते हातवारे करायची. मी अमेरिकेची संसद काढली, आपल्याकडे सत्तावनचा उठाव व्हायच्या जेमतेम एक-दोन वर्षं आधीची. तिथे तेव्हा गुलामगिरीवरून देश उभा चिरत चालला होता. नव्याने वसणाऱ्या प्रदेशात गुलाम ठेवू द्यायचे की नाही, हा प्रश्न. निवडून आलेल्या प्रतिनिधिगृहात कोणाचंच बहुमत नव्हतं. पहिलं काम सभापती निवडायचं, तेच होईना. दोन महिने मतदान चाललं, शंभराहून जास्त वेळा. तोवर मागच्या सभागृहाचा कारकून नावं पुकारायचा, मतं घ्यायचा आणि सांगायचा की कोणीही निवडून आलेलं नाही. शेवटी थकून त्यांनी ठरवलं की बहुमत राहू दे, ज्याला जास्त मतं तो सभापती. गुलामगिरी पसरायला नको म्हणणाऱ्यांचा माणूस अगदी थोड्या मतांनी आला. त्याच संसदेच्या काळात एका प्रतिनिधीने वरच्या सभागृहात जाऊन तिथल्या सदस्याला बेशुद्ध होईपर्यंत काठीने मारलं, कारण त्याने गुलामगिरीविरुद्ध भाषण केलं होतं.

तीन गट केले: गुलाम ठेवणाऱ्या मळेवाल्यांचा, त्यांच्या विरोधकांचा, आणि मधला, ज्याला दोघांशीही देणंघेणं नव्हतं. कारकुनाचं काम मी माझ्याकडे घेतलं. नावं पुकारणं मला येतंच.

चिठ्ठ्या काढल्या त्या दिवशी खुर्च्या मांडून झाल्यावर एका मुलीने हात वर केला. "मॅडम, ज्यांच्यावरून भांडण आहे त्यांच्या खुर्च्या कुठे?"

"त्यांना खुर्च्या नव्हत्या," मी म्हटलं. "पुढे."

ती रोशनी. धरणगावकडच्या एका खेड्यातली, दुसऱ्या वर्षाला, वर्गात पहिली. बोलायची कमी. तिच्या शेजारी नेहमी मयुरी असायची, त्याच गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची मुलगी. दोघी हॉस्टेलला एका खोलीत. रोशनीचे वडील शिवा हे मयुरीच्या घरचे सालदार. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतावर राहणारा गडी. आमच्या खानदेशात हे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. शिवाचं साल त्या घरी इतक्या वेळा सुरू झालं होतं की संपतं हे कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. रोशनीचा जन्म त्यांच्याच शेतातल्या खोलीत झालेला. मयुरीला शहरात एकटं वाटू नये म्हणून तिच्या वडिलांनी रोशनीलाही कॉलेजात घातलं. गाव त्यांना आबा म्हणतं. मुलींना घ्यायला-सोडायला ते यायचे तेव्हा मीही आबाच म्हणायचे. स्वच्छ पांढरे कपडे, भारदस्त आवाज, बोलताना मध्येच खोकला. दोन छोटे ठसके, मग एक लांब, मग सगळे गप्प, कारण आबांचं वाक्य संपलेलं नसायचं.

चिठ्ठीत मयुरी विरोधकांत गेली. रोशनीला मळेवाल्यांची बाजू आली.

तालमी दुपारी व्हायच्या. उन्हाळा लागला होता, कूलर मोठ्याने घरघरायचा आणि वीज गेली की एकदम गप्प व्हायचा. पहिल्या आठवड्यात सगळं नेहमीसारखं होतं. हर्ष नावाचा डाळमिलवाल्यांचा मुलगा मधल्या गटाचा पुढारी होता. तो प्रत्येक मतदानाआधी उभा राहून विचारायचा, "आमच्या गटाला काय भाव देताय ते बोला." सगळे हसायचे. मी नावं पुकारायचे, मतं लिहायचे, कोणीही निवडून आलेलं नाही असं जाहीर करायचे. मला वाटलं, दुसऱ्या आठवड्यात एखादा फुटेल. मुलं फुटतातच. सामोशावर फुटलेली मुलं मी बघितली आहेत.

कोणी फुटलं नाही.

आधी माझ्या लक्षात आलं ते पाण्याच्या कूलरपाशी. त्याला दोन नळ आहेत. एका नळाशी रांग होती आणि दुसरा मोकळा, तरी रांगेतली मुलं तिकडे जात नव्हती. मग पार्किंगमध्ये गाड्या दोन बाजूंना लागायला लागल्या. कॅन्टीनमध्ये टेबलं वाटली गेली. मी हे कोणाला सांगितलेलं नव्हतं. हसणं कमी झालं. हर्षने भाव मागणं बंद केलं. त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, आता गंमत वाटत नाही हो."

"मग मत दे ना एखाद्या बाजूला. संपव."

"देता येत नाही," तो म्हणाला आणि स्वतःच गोंधळला. "म्हणजे... हात वर होत नाही."

सभापतींची खुर्ची उंचावर होती, हिरवं कापड घातलेल्या टेबलामागे. रिकामी. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी मुलं तिच्यासमोरून जाताना मान लववायला लागली. खरी संसद असली की तसं करतात, ते मीच शिकवलेलं. पण ते सभापती बसलेले असताना. इथे कोणीच बसलेलं नव्हतं. भाषणं करतानाही मुलं माझ्याकडे न बघता त्या खुर्चीकडे बघून "महोदय" म्हणायची आणि मध्ये थांबायची, तिकडून परवानगी मिळाल्यासारखी मान हलवून पुढे बोलायची.

आमच्या विभागातले चौधरी सर हे सगळं दारातून बघत म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी आपली ग्रामपंचायत घ्या. निदान भांडणात चहा तरी मिळतो." मी हसले. पण मागे वळून खुर्चीकडे बघायचं मी टाळलं, हेही खरं.

आणखी एक. मी खुर्च्या यादीप्रमाणे मांडून घेते. पण रोज तालमीला आलं की दारापाशी एक जास्तीची प्लॅस्टिकची खुर्ची असायची, भिंतीकडे तोंड करून. मी ती उचलायला लावायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. शिपाई म्हणाला मी ठेवत नाही, मुलं म्हणाली आम्ही ठेवत नाही. शेवटी मी ती तशीच राहू दिली. कामं पुष्कळ होती.

मग रोशनीचं भाषण झालं.

तोपर्यंत ती आपल्या गटात मागे बसून फक्त मत द्यायची. मी म्हटलं, प्रत्येकाला बोलायचंय, आज तू. तिच्या हातात मी दिलेल्या माहितीचा कागद होता. मळेवाले तेव्हा काय युक्तिवाद करायचे, ते मुद्देसूद. तिने तो घडी करून खाली ठेवला. उभी राहिली, रिकाम्या खुर्चीकडे बघून मान लववली आणि बोलायला लागली.

"गुलाम, गुलाम म्हणून काय सांगता तुम्ही? आमच्या घरी येऊन बघा एकदा. सकाळी चहा कोण देतं त्यांना? सणाला कपडा कोण घेतं?" इथपर्यंत ती रोशनी होती. मग आवाज खाली गेला आणि भाषा अहिराणी झाली. "आजारी पडना तं दवाखाना कोन करस? आम्हीच ना? त्याना पोरं आमनाच वट्टावर खेळतस. घरना मानूस शे तो. आते घरना मानूसले कोनी सुट्टी देस का? आं? जाई कोठे तो? माले सांगा, जाई कोठे?"

मग खोकला. दोन छोटे ठसके, एक लांब. आणि शांतता.

कूलर चालू होता, तरी मला त्याचा आवाज आल्याचं आठवत नाही. एकोणीस वर्षांची किडकिडीत मुलगी उभी होती आणि सभागृहात एक साठीचा माणूस बोलत होता. नक्कल करणारी मुलं मी खूप बघितली. नक्कल करणारा ऐकणाऱ्यांकडे बघतो, हसले का ते तपासतो. ही कोणाकडेच बघत नव्हती. खोकल्यानंतर ती नुसती थांबली होती, कोणीतरी काहीतरी आणून देण्याची वाट बघत असल्यासारखी.

समोरच्या खुर्च्यांमधून मयुरी उठली. चार पावलं पाण्याच्या जारपर्यंत गेली, ग्लास भरला, तो घेऊन वळली आणि मध्येच उभी राहिली. आपण काय करतोय हे तिला तेव्हा कळलं.

"अंगात आलं काय हिच्या?" मागून कोणीतरी हळूच म्हणालं.

रोशनी खाली बसली. मी मतदान घेतलं. बरोबरी.

तालीम संपल्यावर तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. मला आडवळणाने बोलता येत नाही. म्हटलं, "तुझी बाजू बदलून देते. हर्षच्या गटात जा."

"नको मॅडम."

"हे तू पाठ केलंस का?"

"पाठ कशाला करायचं?" ती म्हणाली. "तोंड उघडलं की येतं. आधी वाटायचं मी आणते. आता मी नाही आणलं तरी येतं. काल मेसमध्ये भाजी वाढणाऱ्या मावशींना मी त्याच आवाजात म्हटलं, ‘मीठ कमी शे.’ त्या पटकन उठून मीठ घेऊन आल्या. नंतर आम्ही दोघी घाबरलो."

मग तिने खरं काय ते सांगितलं. मयुरीचं लग्न ठरलं होतं, आखाजीनंतर. मयुरीचं कॉलेज सुटणार, म्हणजे सोबतीची गरज संपली. आबांची आई अंथरुणाला खिळलेली. रोशनीची आई तिचं सगळं करायची, पण तिचे गुडघे गेले होते. तेव्हा आखाजीपासून रोशनीने घरी येऊन म्हातारीचं बघायचं, असं आबांनी ठरवलं होतं. रागाने नव्हे, अगदी प्रेमाने. घरचीच पोर म्हणून. तिसरं वर्ष राहून जाणार होतं.

"तुझे वडील काय म्हणतात?"

"ते कुठे काय म्हणतात, मॅडम? आबा म्हणतात, ते ऐकतात."

मी लगेच कामाला लागले. समाजकल्याणच्या हॉस्टेलचे नियम बघितले, शिष्यवृत्तीचं बघितलं, तिसऱ्या वर्षाची सोय होऊ शकते हे खात्रीने समजून घेतलं. सगळं होण्यासारखं होतं. न होण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे त्या घरात कोणीतरी नाही म्हणणं. ते माझ्या हातातलं नव्हतं. मयुरीला विचारलं तर ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, माझ्या लग्नाचंही मला विचारलेलं नाही. मी रोशनीचं कुठे बोलू?" त्या दोघी तेव्हा एका खोलीत राहत होत्या आणि एकमेकींशी अक्षरही बोलत नव्हत्या.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरलं. पालकांना बोलावणं असतंच. आबा पहिल्या रांगेत बसले, गाडीतून शिवाही आले होते. उंच, वाळलेला माणूस, टोपी हातात. मी म्हटलं, "भाऊ, बसा ना पुढे." ते म्हणाले, "ठीक शे मॅडम, आठेच," आणि दारापाशी उभे राहिले, त्या जास्तीच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. बसले नाहीत.

रोशनीचं भाषण गाळावं असं माझ्या मनात सकाळपासून होतं. तिला बाजूला घेऊन म्हटलं, "आज नाही बोललीस तरी चालेल." ती म्हणाली, "माझ्या हातात असतं तर नसतेच बोलले."

ती उभी राहिली. तोच आवाज आला, तालमीपेक्षाही भरलेला. मी आबांकडे बघत होते. वाटलं, आता त्यांचा चेहरा उतरेल, किंवा ते भडकतील. तसं काही झालं नाही. ते मान डोलवायला लागले. चहा कोण देतं, कपडा कोण घेतं, प्रत्येक वाक्याला मान. "घरना मानूस शे तो" म्हटल्यावर ते मोठ्याने म्हणाले, "बरोबर शे!" लोक हसले, टाळ्या पडल्या. मग रोशनी खोकली, दोन छोटे, एक लांब. तिचा खोकला संपतो न संपतो तोच पहिल्या रांगेतून खोकला आला, दोन छोटे, एक लांब. जसा विहिरीत ओरडल्यावर आवाज परत येतो तसा. फक्त इथे कोणता आधीचा आणि कोणता परत आलेला, ते मला सांगता आलं नसतं.

मयुरी जागची हलली नाही. दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसली होती.

मग शेवटचं मतदान. ठरल्याप्रमाणे मी जाहीर केलं की आता बहुमताची अट नाही, ज्याला जास्त मतं तो सभापती. नावं पुकारायला लागले. मधला गट तटस्थ राहिला. दोन्ही बाजू एकेका मताने पुढे सरकत होत्या. यादीत शेवटचं नाव मयुरीचं होतं, आणि ते पुकारलं तेव्हा पुन्हा बरोबरी होती. खरं सांगते, हे मी जुळवलेलं नव्हतं. दोन्ही बाजूंना मुलं सारखीच होती, पण नेमका त्या दिवशी मळेवाल्यांच्या बाजूचा एक मुलगा आजारी पडला होता.

मयुरी उभी राहिली. माईक जवळ ओढला आणि नुसता धरून ठेवला. लोक चुळबुळ करायला लागले. आबा कौतुकाने म्हणाले, "बोल ना वं, मयू. घाबरस काय?"

तिने वडिलांकडे बघितलं नाही. रोशनीकडे बघितलं आणि विरोधकांच्या उमेदवाराचं नाव घेतलं. फार हळू, पण माईकने ते उचललं. एका मताने निकाल लागला. टाळ्या झाल्या, घंटा वाजली, निवडून आलेल्या मुलाला सगळ्यांनी धरून खुर्चीपर्यंत नेलं. पायरीवर तो अडखळला. बसायच्या आधी त्याने हाताने खुर्चीची बैठक चाचपून बघितली, कोणी बसलेलं नाही ना म्हणून. पाहुण्यांना तो विनोद वाटला. माझ्या मुलांपैकी कोणी हसलं नाही.

नंतर व्हरांड्यात चहा होता. आबा मोठ्या खुशीत होते. "मॅडम, काय बोलनी हो आमनी पोर! माले तं वाटनं मीच बोली राह्यनू." रोशनीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "एकदम मनामाधलं बोलनी. हुशार शे. मायले अशीच पोर पाहिजे जवळ. परीक्षा व्हयनी का लयी जास मॅडम हिले. आखाजीपासून घर."

मी बोलायला तोंड उघडलं. माझी सगळी माहिती तयार होती, वसतिगृह, शिष्यवृत्ती, तिसरं वर्ष. तेवढ्यात आबांचा आवाज आला.

"नही."

मी आबांकडे बघितलं. त्यांच्या हातात चहाचा कप होता, तो ओठांपाशी होता आणि ओठ मिटलेले होते. तेही माझ्याकडेच बघत होते, मी काही बोलले का म्हणून. रोशनीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती बोलली नव्हती.

"नही, आबा," पुन्हा तोच आवाज. तोच भार, तोच ठामपणा, जो ऐकल्यावर मेसमधल्या मावशी मीठ आणायला उठल्या होत्या. सभागृहाच्या दारात शिवा उभे होते. टोपी डोक्यावर घातलेली. "पोर येनार नही. पोर शिकनार शे."

त्या माणसाचा आवाज मी त्याआधी एकदाच ऐकला होता, ‘ठीक शे मॅडम’ एवढाच, तोही पुसट. इतकी वर्षं एका घरात राहून माणसाच्या आत काय काय साठतं, कोणाचं काय कोणाच्या गळ्यात जाऊन बसतं, याचा काही नियम मला सांगता येत नाही.

"काय म्हनना रे शिवा?" आबांनी विचारलं. रागावून नाही. खरंच न कळल्यासारखं. मग त्यांना खोकला आला. तो बराच वेळ चालला. पाण्याचा जार मयुरीच्या हाताशी होता. ती जागेवरच उभी राहिली. शेवटी आबांनी स्वतः जाऊन ग्लास भरून घेतला.

त्यांनी भांडण केलं नाही. त्यांच्याकडची पद्धत वेगळी आहे. आखाजी जवळ आली तरी शिवाला पुढच्या सालाचं विचारलंच नाही. आखाजीला साल संपलं. शेतातली खोली रिकामी करायची होती. हर्षने वडिलांना सांगून त्यांच्या डाळमिलमध्ये शिवाला कामाला लावलं आणि एमआयडीसीमागे एक खोली बघून दिली. त्याच आठवड्यात मयुरीचं लग्न झालं. ती परत कॉलेजला आली नाही. रोशनीसाठी माझ्याकडे करण्यासारखं बरंच काही होतं. मयुरीसाठी काय करता आलं असतं, याचा विचार मी तेव्हा केलाच नाही, आणि हे मला आता फार वेळा आठवतं.

आखाजी हा आमच्याकडे लेकींचा सण. सगळ्या माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. हॉस्टेल रिकामं झालं होतं. रोशनीच्या आईवडिलांचं सामान त्या दिवशी हलत होतं आणि नवी खोली अजून लागली नव्हती, म्हणून ती तिथेच राहिली. दुपारी मी पुरणपोळी आणि आमरसाचा डबा घेऊन गेले. जिन्यात कोणी नव्हतं. सगळ्या खोल्यांना कुलपं. वरच्या मजल्यावर पोहोचले आणि थांबले.

आबांचा आवाज येत होता. "जाई कोठे तू? आं? माले सांग, जाई कोठे?"

मला वाटलं, ते आले. तिला न्यायला आले. मी जवळजवळ धावतच दार ढकललं.

खोलीत ती एकटीच होती. दोन कॉट समोरासमोर, मयुरीची गादी गुंडाळून ठेवलेली. रोशनी त्या रिकाम्या कॉटवर बसली होती. मला बघून ती उठली, स्वतःच्या कॉटवर जाऊन बसली आणि तिच्या नेहमीच्या, हळू, जरा कापऱ्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तो आवाज जात नाही. म्हणून मी त्याला बोलू देते. मग इकडे येऊन उत्तर देते. त्या वेळी मला दुसरी बाजू मिळालीच नव्हती ना."

"मग? कोण जिंकतं?"

तिने एकदा समोरच्या रिकाम्या कॉटकडे बघितलं.

"अजून बरोबरी आहे."

मी डबा टेबलावर ठेवला. दोन्ही कॉटच्या मधली खुर्ची ओढली, बसले आणि म्हटलं, "चालू दे."